कॉम्प्युटर कोणासाठी घेताय?

सरकारी नोकरांना संगणकाची परीक्षा सक्तीची झाली, त्या वर्षी जव्हारकरांना एक गंमत बघायला मिळाली. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना परीक्षेचा धाक घातला, ते गुरुजी, बाई, ग्रामसेवक आणि कारकून आता स्वतःच परीक्षेच्या नावानं घाम पुसू लागले. एमएस-सीआयटी पास व्हा, नाही तर वेतनवाढ विसरा, असा वरून आदेश होता. बाजारपेठेतल्या एका माडीवरच्या क्लासमध्ये संध्याकाळी पांढऱ्या केसांची मंडळी शाळकरी पोरांसारखी दाटीवाटीनं बसू लागली.

त्यांतच होत्या रोहिणी भोये. साखरशेतकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत त्या शिकवत. माहेर सूर्यमाळच्या डोंगरावरचं, शिक्षण आश्रमशाळेत, वय चाळिशीला टेकलेलं. नवरा गोकुळ पंचायत समितीत कारकून, आधीच्या तुकडीत पास झालेला. एकुलती मुलगी प्रतिभा नाशिकला वसतिगृहात राहून कॉलेज करत होती. दोघंही नोकरदार, खाऊनपिऊन सुखी. घरात कशाची ददात नव्हती.

पहिल्या दिवशी रोहिणीबाईंनी माऊस असा धरला, जसा ओढ्यातला खेकडा धरतात. पाठीवरून, दोन बोटांनी, नांगी लागेल या धास्तीनं. क्लास चालवणारी सुनिता हे बघून जवळ आली. ती मोखाड्याची मुलगी. नाशिकला संगणक शिकून आली होती आणि पुण्या-मुंबईला न जाता इथंच तिनं क्लास थाटला होता.

"बाई, घाबरू नका," ती म्हणाली. "आधी पत्ते खेळा. खेळता खेळता हात बसतो. अभ्यास मग आपोआप होईल."

बाई पत्ते खेळल्या. हात बसला. पुढं टायपिंग आलं, तक्ते आले, तेही जमलं. एके दिवशी मात्र सगळं लवकर आटोपलं आणि सुनितानं त्यांना स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसवलं. लग्नपत्रिका आणि बॅनर करण्यासाठी तिनं तो वेगळा, ताकदीचा बनवून घेतला होता. त्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ होता.

"ही चार बाणांची बटणं. वर दाबलं की गाडी पळते, बाजूला दाबलं की वळते. खाली दाबलं की ब्रेक."

रोहिणीबाईंनी आयुष्यात साधी सायकलही चालवली नव्हती. आश्रमशाळेत एक सायकल होती, पण तिच्यावर मुलं शिकली. मुली कडेला उभ्या राहून बघायच्या. भावाला पुढं मोटरसायकल आली, नवऱ्यालाही आली, आणि बाई कायम मागच्या सीटवर, एका बाजूला पाय सोडून.

आता समोर डोंगरातला रस्ता होता, दोन्ही बाजूंना झाडी, आणि एक लाल गाडी त्यांच्या बोटांवर चालत होती. पहिल्याच वळणावर ती दरीत गेली. बाईंनी दचकून हात काढला. सुनिता म्हणाली, "काही होत नाही, परत सुरू करा." बाईंनी परत सुरू केलं. पुन्हा दरी. तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी वळणाआधी वेग कमी केला, गाडी अलगद आत घेतली आणि समोर सरळ रस्ता दिसताच बटण दाबून धरलं. गाडी सुसाट सुटली. आणि रोहिणीबाई मोठ्यानं हसल्या. इतक्या मोठ्यानं, की सगळा क्लास मान वळवून बघू लागला. त्यांनी तोंडावर पदर धरला, पण हसू काही थांबेना.

त्या दिवसापासून क्लास संपला की त्या थोडा वेळ मागं राहत. सुनिता आपली खुर्ची रिकामी करून देई. त्या शेजारच्या साध्या कॉम्प्युटरवर बसल्या की तोच खेळ अडखळत, धक्के खात चाले. सुनिताच्या कॉम्प्युटरवर तो लोण्यासारखा चाले. हा फरक बाईंच्या लक्षात आला होता, पण कारण विचारायची गरज पडली नव्हती.

परीक्षा झाली. बाई चांगल्या गुणांनी पास झाल्या. वेतनवाढ वाचली. आणि क्लास संपला.

मग मात्र त्यांना चुकल्या चुकल्यासारखं होऊ लागलं. शाळा, घर, स्वयंपाक, तपासायच्या वह्या, सगळं होतं तसंच होतं. पण संध्याकाळी बाजारातून येताना पाय त्या माडीपाशी आपोआप रेंगाळत. एका सकाळी चहा घेताना त्यांनी विषय काढला.

"अहो, आपण घरी एक कॉम्प्युटर घेऊ या का?"

"कशाला?" गोकुळनं विचारलं.

"प्रतिभाच्या अभ्यासाला होईल."

"ती तर नाशिकला आहे. तिच्या कॉलेजात पंचवीस कॉम्प्युटर आहेत."

"मग शाळेची कामं... निकालपत्रकं वगैरे."

"निकालपत्रकं तू हातानं करतेस. साहेब हातचीच मागतात."

रोहिणीबाई कपातला चहा फिरवत राहिल्या. मग त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं. "मला तो गाड्यांचा खेळ खेळायचाय. तो नीट चालेल असा कॉम्प्युटर हवाय."

गोकुळ हसला. मनात वाईट काही नव्हतं त्याच्या. तो स्वभावानं चांगला माणूस, बायकोला कधी वाकडा शब्द न बोलणारा. पण हसला. "अगं, तू शाळेत बाई आहेस. पोरं काय म्हणतील? या वयात गाड्या गाड्या खेळायच्या?"

आणि गंमत म्हणून त्यानं ते कचेरीत सांगितलं. तिथं देवजी नावाचे एक ज्येष्ठ कारकून होते. त्यांच्या कानी पडलेली गोष्ट म्हणजे दवंडीच. ते म्हणाले, "भाऊसाहेब, मग वहिनींना आधी लायसन काढून द्या." सगळे हसले. जव्हार केवढं? दुपारची गोष्ट संध्याकाळी भाजीबाजारात पोचली. दुसऱ्या दिवशी शाळेत एका गुरुजींनी खडू हातात देताना विचारलं, "काय बाई, गाडी कोणत्या गिअरमध्ये?"

बाईंनी हसून साजरं केलं. घरी आल्यावर मात्र त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, "कॉम्प्युटरचं राहू दे. मी सहज बोलले होते."

गोकुळला वाटलं, विषय संपला. आपल्याकडं पुष्कळ घरांत विषय असेच संपतात. बाई "राहू दे" म्हणते, आणि बाकीचे सुटलो म्हणतात.

मे महिना आला. सुट्टी लागली. दोघं साखरशेतला गोकुळच्या घरी गेले. तिथं गोकुळची आई गोजाबाई राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण शेत, गाय आणि अंगण सोडून जव्हारला यायला त्या तयार नव्हत्या. ते आल्यावर गावात बोहाडा झाला. देवदेवतांचे आणि राक्षसांचे मुखवटे चढवून संबळाच्या तालावर रात्रभर सोंगं नाचवायची, हा या भागातला मोठा उत्सव. गोकुळ दर वर्षी रजा टाकून येई आणि वेताळाचं सोंग नाचवी. तो मान त्यांच्या घराकडं होता.

सासू-सून अंगणात नागलीचे पापड लाटत होत्या. गोकुळ ओसरीवर पाय चोळत बसला होता. नाचून नाचून पोटऱ्या भरून आल्या होत्या, पण चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं. बोलता बोलता तो आईला म्हणाला, "आई, तुझ्या सुनेचं ऐकलंस का? हिला कॉम्प्युटरवर मोटार चालवायची होती."

गोजाबाईंचं लाटणं थांबलं. "मोटार? कशी चालवतात?"

रोहिणीबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सासूनं विचारलं होतं, म्हणून त्यांनी सांगितलं. पडद्यावरचा रस्ता, वळणं, बोटांनी पळणारी गाडी. सांगता सांगता त्या रंगल्या. पिठाच्या हातांनीच वळण कसं घ्यायचं ते दाखवू लागल्या. गोजाबाई एकटक सुनेच्या तोंडाकडं बघत होत्या.

"मग घेतला का नाय?" त्यांनी लेकाला विचारलं.

"अगं आई, त्याचा उपयोग काय?"

"तू वेताळ नाचतोस, ताचा उपयोग काय?"

गोकुळ सरसावून बसला. "ते देवाचं काम आहे."

"देवाचा हाय, माला ठाव हाय. पन तुझा पन हाय का नाय? तू रजा टाकून येतोस, रातभर नाचतोस, मंग आठ-आठ दिस तुझा तोंड फुललेला असतो. तुझा बाप पन असाच होता. दात पडले तरी नाचायचा. ताला कोनी इचारला नाय, या वयात कशाला म्हनून. मी पन नाय इचारला. उलट तेलानं पाय चोळून दिले."

"पण ती शाळेत बाई आहे. लोक हसतात."

"लोक हसले का तू सांगून हसवले?"

गोकुळ पुन्हा पोटऱ्या चोळू लागला. गोजाबाईंनी लाटणं बाजूला ठेवलं. त्यांचा आवाज चढला नव्हता. रोज बोलायच्या तशाच बोलत होत्या.

"मी पोरगी होते तवा नदीत सूर मारायची. बापयांपरीस खोल जायची. लगीन झाला आनि इथं आले. इथं पन नदी हाय. माला कोनी नको नाय म्हनला. पन जा बी कोनी नाय म्हनला. मंग एक साल गेला, दुसरा गेला. आता पान्याचा भेव वाटतो. पोहायची ती पोरगी कुठं गेली, ता मालाच ठाव नाय." त्यांनी सुनेकडं बोट केलं. "ही घरात आली ताला वीस सालां झाली. चांगली हाय, कामाची हाय. पन हिचा तोंड आता जसा झाला ना मोटारीचा सांगताना, तसा मी कधी पाह्यला नव्हता. तू पाह्यला होतास?"

गोकुळनं बायकोकडं पाहिलं. तिच्या कपाळाला पीठ लागलं होतं आणि डोळे भरून आले होते. वीस वर्षांत आपण तिला काय काय आणून दिलं, ते त्याला आठवलं. कुकर, मिक्सर, शिवणयंत्र, साड्या. एकही वस्तू अशी नव्हती, की जिचा उपयोग फक्त तिच्या आनंदाला होता. आणि एकदाच, एकदाच तिनं तोंड उघडून काही मागितलं, तर आपण ते चव्हाट्यावर नेऊन त्याचा तमाशा केला!

तो उठला, अंगणात येऊन बायकोसमोर उकिडवा बसला. "चुकलं माझं," तो म्हणाला. "कॉम्प्युटर घेऊ. तुझ्यासाठी. तुला पाहिजे तोच."

रोहिणीबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि पुढचा पापड लाटायला घेतला. तो मात्र पार वाकडा झाला.

घ्यायचं ठरलं, तरी कोणता घ्यायचा? बाई सुनिताकडं गेल्या.

"नाशिकला दुकानात जाऊन काय मागू? सगळ्यात भारी द्या म्हणू?"

"तसं मुळीच म्हणू नका," सुनिता हसून म्हणाली. "किती माणसं जेवायची ते ठरल्यावर आपण पातेलं काढतो ना? तसं आधी सांगायचं, मला हा खेळ खेळायचाय. खेळाच्या खोक्याच्या मागं लिहिलेलं असतं, त्याला काय काय लागतं. ते दुकानदाराला दाखवायचं."

"आणि तुझ्या कॉम्प्युटरवर तो लोण्यासारखा चालतो, बाकीच्यांवर अडखळतो. ते का?"

"ग्राफिक्स कार्ड. बाकीच्यांत कॉम्प्युटरला हिशेबही करावा लागतो आणि चित्रही काढावं लागतं. एकटी बाई स्वयंपाकही करतेय आणि वाढतेय, तसं. माझ्यात चित्र काढायला वेगळं कार्ड बसवलंय. वाढायला दुसरी बाई आली, की पंगत अडत नाही. ते वेगळं आहे का, हे नक्की विचारा. दुसरं म्हणजे रॅम. रॅम म्हणजे ओटा समजा. ओटा लहान असला, की प्रत्येक भांडं खाली ठेवून दुसरं घ्यावं लागतं. त्यात कंजुषी करू नका. आणि बाई, यूपीएस. आपल्याकडं वीज पाहुण्यासारखी येते. शर्यत जिंकत असताना ती गेली, तर जिवाला लागेल."

बाईंना हसू आलं. मग त्या जरा बिचकत म्हणाल्या, "एवढं सगळं मी विचारू? माझं अज्ञान उघडं पडेल. ते हसतील."

"हसू दे. दुकानात ते एकदा हसतील. न विचारता आणलेलं खोकं घरात रोज हसेल. नवीन माणसानं प्रश्न विचारण्यात लाज कसली? तुम्ही वर्गात पोरांना काय सांगता?"

बाई वर्गात पोरांना काय सांगत, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. "आणि पैसे देण्याआधी," सुनिता म्हणाली, "तिथंच खेळून बघा. ही माझी सीडी घेऊन जा."

जव्हारहून नाशिकची एसटी मोखाड्यावरून तोरंगण घाटानं जाते. रोहिणीबाई खिडकीशी बसल्या होत्या, पण डोंगर बघत नव्हत्या. ड्रायव्हर वळणाआधी कसा वेग सोडतो, ते मान उंच करून बघत होत्या.

नाशिकच्या त्या दुकानात शिरताच मालकानं गोकुळला नमस्कार केला. "या साहेब, बसा. कोणासाठी घेताय? मुलासाठी?"

साध्या प्रश्नात किती पिढ्यांची सवय दडलेली असते बघा. गोकुळ अंगणात चूक कबूल करून आला होता. तरी परक्या माणसासमोर त्याची जीभ अडखळली. "हो, म्हणजे... घरी हवाय," तो पुटपुटला.

रोहिणीबाई एक पाऊल पुढं आल्या. "माझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "मला गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचाय. मी नवीन आहे, मला फारसं कळत नाही. म्हणून सगळं विचारून घेणार आहे."

दुकानदारानं त्यांच्याकडं पाहिलं, मग गोकुळकडं पाहिलं. गोकुळ आता ताठ बसला. "बरोबर आहे. तीच खेळणार आहे. तिलाच दाखवा."

"दाखवतो की." दुकानदारानं दर्शनी फळीवरचं कॅबिनेट पुढं ओढलं. त्याची एक बाजू पारदर्शक होती, आत निळे दिवे लुकलुकत होते, पंखे फिरत होते. दिवाळीचा आकाशकंदीलच जणू. "हे घ्या मॅडम. गेमिंग मशीन. कॉलेजची पोरं हेच नेतात. डोळे झाकून घ्या."

खरोखर डोळे दिपवणारं प्रकरण होतं. गोकुळला तर ते बघताक्षणी आवडलं. बाईंनाही भुरळ पडली. पण त्यांनी विचारलं, "यात ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का?"

"इनबिल्ट आहे मॅडम. सगळं त्यातच येतं."

"म्हणजे वेगळं नाही?"

"वेगळ्याची गरजच नाही."

"बरं. मी सीडी आणलीय. जरा लावून दाखवता?"

"दुकानात आम्ही गेम लावत नाही हो मॅडम. वेळ जातो."

बाई गप्प झाल्या असत्या. आजवर अशाच जागी त्या गप्प होत आल्या होत्या. त्यांनी पिशवीचा बंद नुसता घट्ट धरला. तेवढ्यात गोकुळ उठून उभा राहिला. "दादा, आम्ही जव्हारहून आलोय. आमचा दिवस गेला तर चालतो, तुमचा थोडा वेळ जाऊ द्या. लावणार नसाल, तर शेजारच्या दुकानात विचारतो."

सीडी लागली. रस्ता आला, गाडी आली. बाईंनी बटण दाबलं. गाडी दोन हात पुढं गेली आणि अडकली. पुन्हा सुटली, पुन्हा अडकली. निळे दिवे मात्र झकास लुकलुकत होते.

"सुरुवातीला असंच चालतं," दुकानदार म्हणाला.

"नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझ्या क्लासमधल्या एका कॉम्प्युटरवर हाच खेळ न अडखळता चालतो. त्यात वेगळं कार्ड आहे. मला दिवे नकोत. मला गाडी पळायला हवी."

दुकानदार खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसला. पहिल्यांदाच तो त्यांच्याशी बरोबरीनं बोलत होता. "मॅडम, तुम्हाला खरंच खेळायचंय. मग हे नको. खरं सांगू? कोणी विचारतच नाही हो. येतात, दिवे बघतात, मान डोलावतात आणि घेऊन जातात. मी तरी काय सांगू?"

"आम्ही विचारतोय ना," गोकुळ म्हणाला. "आता सांगा. रॅम म्हणजे नक्की काय? मी परीक्षा पास झालोय, पण मला अजून कळलेलं नाही." त्यानं हे इतक्या सरळपणे सांगितलं, की दुकानदारही मनापासून हसला.

मग त्यानं सगळं समजावून सांगितलं. आतल्या कपाटातून एक करड्या रंगाचं, ओबडधोबड कॅबिनेट काढलं. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं, रॅम वाढवली. दिवे आणि काच वगळल्यामुळं चांगलं कार्ड आणि यूपीएस तेवढ्याच पैशांत बसत होतं. सीडी पुन्हा लागली.

या वेळी लाल गाडी अशी निघाली, जसा साखरशेतच्या उतारावरून वारा निघतो. पहिलं वळण, दुसरं, पुलावरून पलीकडं. दुकानात आलेली दोन कॉलेजची मुलं मागं येऊन उभी राहिली. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं डोकं आत घातलं. नऊवारी नाही, जीन्स नाही, साधी सुती साडी नेसलेली, केसांचा अंबाडा घातलेली एक शिक्षिका ओठ दाताखाली धरून घाट चढत होती. शेवटच्या वळणावर तिच्यापुढं एकच गाडी उरली. सगळ्यांचा श्वास अडकला. बाईंनी ब्रेक दाबला, आतली बाजू धरली आणि झपकन पुढं निघून गेल्या. पडद्यावर पहिला क्रमांक आला!

"आई शप्पथ," त्यांतला एक मुलगा म्हणाला. "काकू, ते वळण कसं घेतलंत? मी तिथं कायम पडतो."

"वळणाआधी सोडायचं," काकू म्हणाल्या. "वळणात नाही."

आणि गोकुळ सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ही माझी बायको आहे."

सोमवारी कचेरीत कोणी विचारायच्या आधी त्यानंच सांगितलं. "काल घरी कॉम्प्युटर आणला. रोहिणीसाठी. गाड्यांचा खेळ खेळायला. मी पाच वेळा खेळलो, पाचही वेळा हरलो." हसायला कोणाला जागाच उरली नाही. जो माणूस स्वतःच उघडपणे सांगतो, त्याची चेष्टा करायची तरी कशी? देवजी मात्र म्हणाले, "बघितलं पाहिजे एकदा," आणि रविवारी बायकोला घेऊन आले.

देवजींची बायको माघी. फार कमी बोलायची. देवजी दोन वेळा दरीत गेले आणि खेळ बोगस आहे म्हणून उठले. रोहिणीबाईंनी माघीला खुर्चीत बसवलं. "तिला काय जमणार?" देवजी म्हणाले. रोहिणीबाई म्हणाल्या, "भावजी, ते तिलाच ठरवू द्या." माघी आधी पडली, मग सावरली, मग तिला उठवेना. चहा गार झाला. दर रविवारी ती येऊ लागली. तिच्यामागून शाळेतल्या दोन बाई आल्या, अंगणवाडीताई आल्या. सुनिताही येऊन बसू लागली.

पुढच्या मार्चमध्ये महिला दिन आला. पंचायत समितीत त्या दिवशी दर वर्षी रांगोळी आणि पाककलेची स्पर्धा ठरलेली. गोकुळनं साहेबांपुढं वेगळी सूचना मांडली, आणि तिला पहिलं अनुमोदन दिलं ते देवजींनी. करड्या रंगाचं कॅबिनेट सभागृहात आलं. सुनितानं क्लासचा पडदा आणि प्रोजेक्टर लावला. मोखाड्यापासून बाया आल्या. नर्सबाई आल्या, ग्रामसेविका आल्या, बचत गटाच्या बायका आल्या. कोणाची गाडी झाडावर आदळत होती, कोणाची उलट्या दिशेनं निघत होती, आणि सभागृह हसण्यानं दणाणून जात होतं. गोजाबाई साखरशेतहून मुद्दाम आल्या होत्या. त्यांनी हट्टानं बटणं हातात घेतली, गाडी सरळ पडद्यावरच्या तळ्यात नेली आणि विजेत्याच्या थाटात उठून म्हणाल्या, "माला तिथंच जायचा होता."

शेवटच्या फेरीत पडद्याचे दोन भाग करून रोहिणीबाई आणि माघी एकाच वेळी समोरासमोर आल्या. अटीतटीची शर्यत झाली. शेवटच्या उतारावर माघीनं रोहिणीबाईंना मागं टाकलं. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. देवजी खुर्चीवर चढून ओरडत होते. माघीला काय करावं सुचेना. ती धावत रोहिणीबाईंच्या गळ्यात पडली. आणि हरलेल्या रोहिणीबाई तिला उचलून गोल फिरल्या. आपण शिकवलेलं माणूस आपल्या पुढं गेलं, यापरता शिक्षिकेला विजय कोणता?

वाचकहो, तुमच्याही घरी कधी नवी वस्तू येईल. कॉम्प्युटर असेल, आणखी काही असेल. ती निवडताना झगमगाटावर भुलू नका. ती कशासाठी हवी, हे आधी ठरवा. कळत नसेल तर मोकळेपणानं विचारा, आणि चालवून बघितल्याशिवाय घेऊ नका. नवशिकं असणं हा गुन्हा नाही. कळल्याचं सोंग आणणं मात्र महागात पडतं.

पण त्याहीआधी एक प्रश्न घरातच विचारा. तुमच्या आईला, बायकोला, बहिणीला काय खेळायला आवडतं, काय करताना ती खळखळून हसते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? ठाऊक नसेल, तर आजच विचारा. ती "राहू दे" म्हणेल. तेव्हा राहू देऊ नका. आनंदाला वय नसतं, उपयोगाचा दाखला लागत नाही, आणि तो घरातल्या एकाच माणसाच्या वाट्याचा नसतो. नको न म्हणणं पुरेसं नाही. कोणीतरी "जा, खेळ" असं म्हणावं लागतं. ते म्हणणारे आपण व्हावं.